खापरावरचा इतिहास

मनातले मांडे आपण सगळ्याच खातो. आज खापरावरच्या मांड्यांबद्दल बोलू.

सुमारे 900 वर्षांपूर्वी चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. या ग्रंथात गव्हाचा 'मंडक' आहे, तापल्या खापरावर भाजलेला. मंडक म्हणजे आपला मांडा, खर्पर म्हणजे खापर, वटक म्हणजे वडा. शब्द झिजले, पण टिकले.

मुक्ताबाईची कथा आपण कीर्तनात ऐकतो. वाळीत टाकलेल्या त्या भावंडांना विसोबाने खापर मिळू दिले नाही. मग तिने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले, असे सांगतात. म्हणजे एखाद्या घराला छळायचे, तर आधी त्याची चूल अडवायची!

खानदेशात आजही बाया कणीक सैल भिजवून खूप तिंबतात, पुरण भरतात आणि मांडा दोन्ही हातांवर फिरवत मोठा करून पालथ्या खापरावर टाकतात. ही कला त्या पुस्तकात वाचून शिकल्या नाहीत, आईच्या हाताकडे बघून शिकल्या.

राजाचे नाव ग्रंथावर राहिले. रांधणारीचे कुठेच नाही. गॅस आला, चुलीचा वैल गेला, आता 'वैल' हा शब्दही चालला. तिंबणे, वेळणे, परतणे हे शब्द आपणच जपायचे. गटाच्या पुढच्या बैठकीला एक वही ठेवू. म्हाताऱ्या बायांना विचारून शब्द लिहू, आणि प्रत्येक शब्दापुढे सांगणारीचे नाव.