पुठ्ठ्यावर लिहिलेली नक्षी : जॅकार्डची कुळकथा

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात चादरीची घडी उलगडली की मोर, वेलबुट्टी आणि काठ एकदम नजरेत भरतात. चादर उलटली तर तीच नक्षी रंगांची अदलाबदल करून मागच्या बाजूलाही दिसते. ती छापलेली किंवा सुईने भरलेली नसते, विणतानाच उतरते. त्यासाठी ताण्यातले कोणते उभे धागे उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे, हे प्रत्येक आडव्या धाग्याला नव्याने ठरवावे लागते. पुढच्या चादरीला तोच सगळा क्रम पुन्हा पहिल्यापासून. हे काम माणसाकडून काढून भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवणारे यंत्र म्हणजे जॅकार्ड. ठरीव कामाचा क्रम एकदा नोंदवून ठेवावा आणि यंत्राकडून हवा तितक्या वेळा करवून घ्यावा, ही आज कचेऱ्यांत रुळलेली पद्धत मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाली ती मागावर.

क्रम नोंदवण्याची कल्पना जॅकार्डच्याही आधीची आहे. बनारसचे नक्षबंद अख्खी नक्षी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून ठेवत. विणकराचा मदतनीस एकेक दोरा ओढी आणि त्याबरोबर ताण्यातले नेमके धागे वर येत. नक्षीची स्मृती दोऱ्यांत होती, पण ओढणारा हात माणसाचाच होता. फ्रान्सच्या ल्यों शहरात रेशीम विणणाऱ्यांची अडचणही हीच होती. तिथे बाझिल बूशों याने 1725 मध्ये भोके पाडलेली कागदी पट्टी वापरली. काही वर्षांतच फाल्कों याने कागदाऐवजी एकमेकांना जोडलेले पुठ्ठे आणले, आणि वोकांसों याने 1740 च्या दशकात मदतनिसाशिवाय चालणारा माग रचला. जोसेफ मारी जॅकार्ड याने हे धागे एकत्र आणून 1804 च्या सुमारास रोज वापरता येईल असे यंत्र तयार केले. शोधाचे श्रेय एकट्या जॅकार्डला देणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

यंत्राची रीत सरळ आहे. मागाच्या वर दंडगोल म्हटला जाणारा चौकोनी ठोकळा असतो आणि त्यावरून पुठ्ठ्यांची साखळी फिरते. एक पुठ्ठा म्हणजे एक आडवा धागा. पुठ्ठा आडव्या सुयांवर येऊन टेकतो. भोक असेल तिथे सुई आरपार जाते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि वर जाणारी पाती त्याला उचलते. आकड्याला बांधलेले उभे धागेही त्याबरोबर उठतात. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, आकडा पातीवरून निसटतो आणि धागा खालीच राहतो. मधल्या फटीतून धोटा जातो, दंडगोल फिरतो, पुढचा पुठ्ठा येतो. शेवटचा पुठ्ठा पहिल्याला शिवलेला असल्याने नक्षी संपली की आपोआप पुन्हा सुरू होते.

खरे कसब त्याआधीचे असते. नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवायची, एकेक चौकट वाचून पुठ्ठ्यावर पंचिंग करायचे, मग पुठ्ठे क्रमाने ओवायचे. एक भोक चुकले तर ती चूक प्रत्येक चादरीत त्याच जागी उमटते. यंत्र थकत नाही, तसे ते चूकही ओळखत नाही.

सोलापुरात या यंत्राला तयार जमीन मिळाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती इथे होती आणि 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे पुढची जुनी मिल, उभी राहिली. विसाव्या शतकात हातमागाच्या जागी यंत्रमाग वाढले आणि जॅकार्डची सुती चादर शहराची ओळख झाली. या चादरीला आणि इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळाला आहे.

पुठ्ठा मागापुरता राहिला नाही. चार्ल्स बॅबेजने 1830 च्या दशकात आपल्या गणनयंत्रासाठी तो जॅकार्डकडूनच घेतला, पण ते यंत्र पुरे झाले नाही. अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेत हरमन हॉलेरिथने भोकांची कार्डे वापरून मोजणी यंत्राकडे दिली. ही कल्पना रेल्वेच्या तिकिटांना भोके पाडणाऱ्या कंडक्टरवरून सुचल्याचे त्याने स्वतः सांगितले होते. पुढे पगारपत्रके, विमा आणि हिशेब अशी कचेरीतली रोजची कामे अनेक दशके अशाच कार्डांवर चालली.

आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमध्ये नक्षी संगणकावर आखली जाते आणि पुठ्ठ्याची गरज उरत नाही. अशा कारखान्यांत बाजूला पडलेल्या पुठ्ठ्यांच्या साखळ्या रद्दीत घालू नयेत. त्यांच्यावर सोलापूरच्या नक्षीकारांचे काम भोकाभोकाने लिहिलेले आहे.