काळोखी

आमच्या चिखली तालुक्यातल्या मळ्यात युरियाचं पहिलं पोतं आलं ते हायब्रीड ज्वारीसाठी. सीएसएच-1 हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण 1964 साली आलं, 1970 साली एच-4 कपाशी आली, आणि या पिकांचं बोट धरून रासायनिक खत बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली गावोगाव पोचलं. भाजीपाल्यासाठी म्हणून ते कुणी आणलं नव्हतं. ज्वारीला देऊन अर्धं घमेलं उरलं, ते बाबांनी विहिरीजवळच्या मेथीच्या एका वाफ्यात फोकलं आणि पाटाचं पाणी सोडलं. आठवडाभरात तो वाफा वेगळा उठून दिसू लागला. शेजारची मेथी पोपटी, ही काळसर हिरवी. बाबा खूश झाले. "काळोखी पाहा कशी आली!"

आजीनं त्यातलीच जुडी निवडून कढईत टाकली. भाजीला पाणी सुटलं, ते आटेआटेतो ढीगभर पाला मूठभर झाला. घास घेऊन ती म्हणाली, "दिसाले लय हिरवी, पण तिले चव नाई रे बाप्पा." मी सहावीत होतो. पुढं कृषी सहायक म्हणून नोकरी केली, युरियाच्या मात्रा शेकडो शेतकऱ्यांना सांगितल्या. आजीच्या त्या वाक्याचा पुरता अर्थ मात्र फार उशिरा लागला.

युरिया येण्याआधी मळ्याचं खत म्हणजे उकिरडा. उन्हाळ्यात शेणखताच्या गाड्या वावरात पडायच्या, धनगरांच्या मेंढ्या रात्रभर बसवायच्या. ते खत सावकाश कुजतं, नत्र थोडा थोडा सुटतो. मेथीला तर तेवढाही फारसा लागत नाही, कारण ती शेंगवर्गातली. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र तिला आणून देतात. आजी मेथी मुळासकट उपटून विकायची, तेव्हा त्या बारीक गाठी मी नखानं फोडून पाहायचो. आतून गुलाबीसर निघायच्या. युरियाच्या वाफ्यातली मुळं जवळजवळ गुळगुळीत होती. बाहेरून फुकटचा नत्र भरपूर मिळाला की मेथी गाठी धरायचं सोडते.

काळोखी खोटी नसते, हेही सांगितलं पाहिजे. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मॅग्नेशियमभोवती नत्राचे चार अणू असतात. उपाशी जमिनीतला पालक पिवळा पडतो, त्याला नत्र दिला की हरितद्रव्य वाढतं आणि त्याच्याच आड लपलेलं कॅरोटिनही वाढतं. इथपर्यंत युरिया उपकारकच. पुढं जास्तीच्या मात्रेला पान पसरट, पाणीदार होतं, क जीवनसत्त्व घटतं, आणि झाडाला पचवता न आलेला नत्र नायट्रेटच्या रूपात देठांत साठून राहतो. तो पचवायला झाडाला ऊन लागतं, म्हणून ढगाळ दिवसांत आणि भल्या पहाटे तोडलेल्या भाजीत तो जास्त सापडतो. युरोपात ताज्या पालकासाठी किलोला 3500 मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा कायद्यानं घातलेली आहे. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याला लिटरमागे 45 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. जुडीतला नायट्रेट मात्र कुणी मोजत नाही.

युरिया टाकताना हात सैल सुटण्याचं कारण किमतीत आहे. ट्रॉम्बेचा खत कारखाना 1965 च्या सुमारास सुरू झाला, अलिबागजवळच्या थळचा 1985 च्या सुमारास; युरिया दुकानादुकानांत मिळू लागला. ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद आणि पालाशाच्या खतांवरचं किंमत नियंत्रण सरकारनं उठवलं, युरियावरचं ठेवलं. बाकीची खतं महागली, युरिया स्वस्त राहिला. आजही 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. बाजारही त्याच्याच बाजूचा. राजूर घाट उतरून मलकापूरला गेलेल्या मालात गडद जुडी आधी उचलली जाते, फिकी दुपारपर्यंत पडून राहते. म्हणून तोडणीच्या दोन दिवस आधी युरियाचा फवारा. मी स्वतः तो मारताना पाहिला आहे, आणि एके काळी हटकलंही नाही, याचं आज वाईट वाटतं.

वर्षातून एक दिवस मात्र आपोआप उगवलेल्या भाजीचा मान असतो. ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. बांधावरची, परसातली भाजी शिजते. शेगावच्या गजानन महाराजांनी 1910 साली याच तिथीला समाधी घेतली, त्यामुळे आमच्याकडे त्या दिवशी अंबाडीच्या भाजीला आणखीच मान. अशा आपोआप उगवलेल्या भाज्या सगळ्याच निर्दोष, असंही मी म्हणणार नाही. उकिरड्याच्या कडेला माजलेल्या तांदुळजातही नायट्रेट साठतो, कारण शेणातला नत्रही शेवटी त्याच रूपात मुळांत शिरतो. प्रश्न शेणाचा की गोणीचा एवढाच नाही; किती आणि केव्हा, हा आहे.

तेव्हा मळेवाल्या भावांनो, मेथीला युरिया देऊच नका. पालक-चुक्याला द्यायचाच तर कापणी झाल्याबरोबर थोडा द्या, पुढच्या कापणीच्या तोंडावर नको. आणि कापणी दिवस कलल्यावर करा. आणि बाजारात जाणाऱ्या आयाबहिणींनो, मेथीची जुडी घेताना पानांच्या रंगावर जाऊ नका. ती उलटी करा आणि मुळं बघा.