भागाकारही हवा, बाकीही हवी

१७ला ५ने भागलं की भागाकार ३ आणि बाकी २. हिशेब एक, उत्तरं दोन. पण प्रोग्रॅमिंगमधलं फंक्शन गणितातून आलं आणि तिथे त्याने एकच उत्तर द्यायचा दंडक होता. दुसऱ्या उत्तरासाठी मग आडवाटा निघाल्या. फोरट्रानच्या सबरुटीनला व्हेरिएबल पुरवायची आणि ती भरून घ्यायची. ‘सी’ भाषेतलं ‘डिव्ह’ फंक्शन दोन्ही उत्तरं देतं; मात्र त्यासाठी दोन खणांचा एक वेगळा टाइप आधी जाहीर करावा लागला.

डायनॅमिक भाषांना असा टाइप जाहीर करावा लागत नाही. जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पमध्ये (१९५८) उत्तरांची यादी परत करता येई. पण प्रत्येक वेळी यादी बांधायची म्हणजे मेमरी खर्च. एमआयटीतल्या लिस्प मशीनवर यादी न बांधताच अनेक मूल्यं परत देण्याची सोय झाली आणि १९८४च्या ‘कॉमन लिस्प’ने ती उचलली. तिथलं ‘फ्लोर’ भागाकार आणि बाकी, दोन्ही देतं. ज्याला फक्त भागाकार हवा, त्याने काहीच करायचं नाही. बाकी आपोआप गळते. १९९३ साली रिओ दि जानेरोत जन्मलेली लुआ याच वळणाची: जास्तीची मूल्यं सोडून देते, कमी पडली तर ‘निल’ भरते.

पायथनची वाट वेगळी. खिदो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत ‘एबीसी’ भाषेवर काम केलं होतं. तिच्यातल्या ‘कंपाउंड’वरून पायथनचा टपल, म्हणजे अनेक मूल्यांची एकच मोळी, आला. ‘रिटर्न’पुढे दोन मूल्यं स्वल्पविराम देऊन लिहिली की दोन मूल्यं परत जातात असं वाटतं, प्रत्यक्षात जातो एकच टपल, आणि घेणारा तो उलगडतो. म्हणून ‘फ्लोर’च्या उत्तरात १ मिळवला तर ४ येतात, हेच काम करणाऱ्या पायथनच्या ‘डिव्हमॉड’च्या उत्तरात मिळवला तर एरर.

ही एरर कटकटीची वाटली तरी उपकारकच. फंक्शन उद्या तिसरं मूल्य देऊ लागलं, तर लुआ ते मुकाट्याने टाकून देईल. दोनच नावं मांडून बसलेला जुना पायथन कोड मात्र चालवताक्षणी अडेल. तरी क्रमाची चूक या डायनॅमिक भाषांपैकी कोणतीच पकडत नाही: भागाकाराच्या जागी बाकी घेतली तरी कोड बिनबोभाट चालतो. पायथन २.६मध्ये (२००८) ‘नेम्डटपल’ आला, तो मूल्यांना नावानं हाक मारता यावी म्हणून. दोन मूल्यं खुशाल सुटी परत करा. तिसरं आलं की नावं द्या.