अजिंठ्याचे जहाज आणि आपली हस्तविद्या

खानदेशास समुद्र नाही. तापीकाठच्या माणसास ठाऊक असते ती पैलतीरास नेणारी नाव. डोलकाठी, शीड, सुकाणू हे शब्द त्याने पुस्तकात वाचलेले असतात, इतकेच. तेव्हा लाकडाची लहान शिडाची जहाजे घडविण्याच्या छंदाविषयी आपल्या समाजाच्या स्मरणिकेत लेख पाहून पुष्कळ ज्ञातिबांधवांस नवल वाटेल. परंतु जहाज पाण्यात उतरल्यावर खलाशाचे होते. त्याआधी ते सुताराचे असते. सुतार समाजाच्या स्मरणिकेत या विषयास स्थान असावे, असे आम्हांस वाटते ते याच कारणाने.

जहाजाची प्रतिकृती घडविण्याची कला अतिशय प्राचीन आहे. इजिप्त देशात मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात १९२० साली लाकडी नौकांच्या सुंदर प्रतिकृती सापडल्या. आपल्याकडे गुजरातेत लोथल येथे १९५५ पासून जे उत्खनन झाले, त्यात भाजक्या मातीच्या छोट्या नौका मिळाल्या. इंग्लंडात सतराव्या शतकापासून आरमारी जहाजांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती घडविल्या जात. त्यांत एका फुटास पाव इंच हे माप पुष्कळदा धरीत आणि खालच्या भागाच्या बरगड्या फळ्यांनी न झाकता उघड्या ठेवीत, म्हणजे पाहणाऱ्यास आतील रचना कळावी. पुढे नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांच्या कैदेत पडलेल्या फ्रेंच बंदिवानांनी जेवणात उरलेल्या हाडांपासूनही जहाजे कोरली. राजाच्या थडग्यापासून बंदिशाळेपर्यंत मनुष्याच्या हाताने हा नाद सोडला नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. जळगावाहून सुमारे ६० किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील दुसऱ्या लेण्यात एका जहाजाचे चित्र आहे. तीन डोलकाठ्या, उंच उचललेली दोन्ही टोके आणि वर ओळीने मांडलेले रांजण त्यात स्पष्ट दिसतात. चित्र सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करविल्या, आणि १९१२ साली राधाकुमुद मुखर्जी यांनी भारतीय नौकानयनावरील आपल्या ग्रंथात या जहाजाची दखल घेतली. आम्ही शिक्षक असताना मुलांच्या सहली तेथे नेत असू. मुले हत्तींपुढे, राजवाड्यांपुढे घोळका करीत. जहाजापुढे मात्र क्वचित एखादा मुलगा थांबे. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या कुशीत हे जहाज कोणी काढले, असा प्रश्न त्याने विचारला म्हणजे आम्हांस फार बरे वाटे. त्या काळी व्यापारी तांडे घाट उतरून पश्चिमेच्या बंदरांकडे जात, हे त्याचे उत्तर आम्ही देत असू.

जहाजाशी आपला दुसरा संबंध तापीचा आणि सागवानाचा आहे. हीच तापी आपल्या मुलखातून वाहत सुरतेस समुद्राला मिळते. सुरत हे जहाजबांधणीचे मोठे केंद्र होते. तेथील लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर १७३६ साली मुंबईस आले. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या मुंबईच्या गोदीत सागाची जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. या सागाची मागणी एवढी होती की, १८४० नंतरच्या दशकात इंग्रजांनी डांगच्या जंगलातील लाकूडतोडीचा हक्क तेथील भिल्ल राजांकडून कराराने मिळविला, आणि डांगचा कारभार तेव्हा खानदेशातून पाहिला जाई. पश्चिम किनाऱ्यावरचे कारागीर फळीच्या कडेस खाच घेऊन दुसऱ्या फळीची जीभ तीत बसवीत व मध्ये कापूस भरून सांधा पाणबंद करीत. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी दाराची फळी जोडली आहे, त्यांस हा सांधा परका वाटणार नाही.

यानंतरची हकीकत अलीकडची आहे आणि ती प्रत्येक घरात मुलांस वाचून दाखवावी, अशी आमची विनंती आहे. अजिंठ्याच्या त्या चित्रावरून खरे जहाज बांधावे, असे ठरले. २०२३ च्या जुलैमध्ये भारत सरकारचे सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्याची एक नौकाबांधणी संस्था यांच्यात करार झाला व १२ सप्टेंबर २०२३ रोजी तळाचा कणा मांडला गेला. अडचण अशी की, भिंतीवरचे चित्र जहाजाची एकच बाजू दाखविते. आतील बरगड्या किती, तळ किती खोल, डोलकाठी कशात रोवलेली, हे चित्र सांगत नाही. तेव्हा प्रथम आराखडा कल्पिला, मग लहान प्रतिकृती करून ती मद्रासच्या आय. आय. टी. संस्थेत पाण्यात पारखली, आणि मगच मोठे काम पुढे गेले. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवल्या. हे शिवणकाम केले केरळच्या कारागिरांनी. बाबू शंकरन हे त्यांचे प्रमुख. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून १४ जानेवारी २०२६ रोजी ते ओमान देशातील मस्कतला पोहोचले.

यातील मर्म ध्यानात घ्यावे. चित्र दीड हजार वर्षे आपल्या शेजारी होते. पंडितांनी त्यावर लिहिले, प्रवाशांनी ते पाहिले. परंतु फळीस फळी शिवणारा हात केरळात शिल्लक होता म्हणूनच चित्राचे जहाज झाले. तो हात नाहीसा झाला असता, तर नुसत्या चित्रावरून शिवण कोणास साधली असती? पुस्तक विद्या सांगते, हात ती जतन करतो.

हाच प्रश्न आम्ही आपल्या समाजापुढे ठेवतो. खानदेशातील आपले पूर्वज बाभळीच्या लाकडाची गाडीची चाके घडवीत. आरे मोजून बसविणे, पाटे जुळविणे, लोखंडी धाव तापवून चढविणे, हे काम जहाजाच्या सांध्यांहून हलके नव्हते. रबरी चाकांची गाडी आली, पुढे ट्रॅक्टर आला, आणि ती विद्या दोन पिढ्यांत उतरणीस लागली. मुले शिकून शिक्षक, कारकून, अभियंते झाली, हे योग्यच झाले. त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. खेद याचा की, माळ्यावर पडलेला आजोबांचा वाकस कोणत्या कामाचा, हे नातवास सांगता येत नाही. आमच्या नोकरीच्या काळात एका शाळेतील सुतारकामाचा तासही बंद झाला व हत्यारे पेटीत गेली. ती पुन्हा निघाली नाहीत.

पोटासाठी ही विद्या आता सर्वांनी धरावी, असे आम्ही म्हणत नाही. परंतु जे पोटासाठी टिकत नाही, ते छंदाने टिकते. जहाजाची प्रतिकृती हा त्याकरिता उत्तम धडा आहे. तीत प्रथम मापाचे गणित येते. मग तळाचा कणा सरळ धरणे, त्यावर बरगड्या गुण्यात उभ्या करणे, पातळ पट्ट्या पाण्यात भिजवून वळविणे आणि दोन्ही बाजूंस आलटून पालटून बसविणे ही कामे येतात. एकाच बाजूच्या पट्ट्या आधी लावल्यास सांगाडा वाकतो, हे मुलगा स्वतः शिकतो. एवढ्या लहान कामास साग सोयीचा नाही, कारण त्याचे रेषे जाड. सातपुड्यात मिळणारा हेदू, ज्यास कोणी हळदू म्हणतात, तो बारीक पोताचा व कोरण्यास सोपा. शिडास जुने धोतर आणि दोरास शिवणाचा दोरा पुरतो. खर्च थोडा, धीर मात्र पुष्कळ लागतो.

म्हणून आमची सूचना अशी की, पुढील वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराबरोबर मुलामुलींनी हाताने घडविलेल्या लाकडी वस्तूंचे प्रदर्शनही मांडावे, आणि त्यात पहिला मान अजिंठ्याच्या जहाजास द्यावा. समाजातील जे वृद्ध कारागीर आज हयात आहेत, त्यांस परीक्षक म्हणून बोलवावे. त्यांच्या हातातील विद्या उद्या विचारू म्हटल्यास उशीर होईल. नातू पट्टी धरील, आजोबा रंधा धरतील, आणि समुद्र नसलेल्या या मुलखातील घराघरांत एकेक जहाज उभे राहील. विश्वकर्म्याच्या चरणी याहून अधिक शोभणारी पूजा आम्हांस दिसत नाही.