जमैकांतील मुलगे मागें कां?

जमैकांत आज शालेय परीक्षांत मुली मुलग्यांच्या पुढें आहेत. मुलगे जात्याच विद्याविन्मुख, असा निवाडा करण्यापूर्वीं तेथील इतिहास पाहावा. १८३६ सालीं किंग्स्टन येथें मायको अध्यापनविद्यालय निघालें; १८३८ मध्यें दास पूर्णपणें मुक्त झाले. मुक्त दासांच्या पुत्रांस शिक्षकाचा पेशा ही उन्नतीची मुख्य शिडी होती. १८८५ सालीं स्त्रियांसाठीं शॉर्टवुड अध्यापनविद्यालय स्थापन झालें. पुढें वसाहतीच्या राज्यकर्त्यांनीं कृष्णवर्णीय पुरुषांस वर चढूं न देण्यासाठींच त्यांचें प्रशिक्षण आखडून स्त्रियांचें वाढविलें, असा सिद्धांत एरल मिलर यांनीं १९८६ सालीं मांडला. मुलींनीं संधीचें सोनें केलें. तथापि बेकारी अद्यापि स्त्रियांतच अधिक आहे. निकालपत्रकावरून बुद्धि मोजणारांनीं हें ध्यानांत घ्यावें.