धोटा आणि विटाळ

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन केली. पुढे रत्नागिरी आणि सातारा या भागांतून हजारो माणसे पोटासाठी परळ-लालबागकडे आली. एका छपराखाली, एका भोंग्यावर काम करू लागल्यावर जातिभेद आपोआप ढिला होईल, अशी आशा अनेक विचारवंतांना वाटत होती. परंतु गिरणीतील एका खात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंदच राहिले. ते खाते विणकामाचे होते.

यामागचे कारण वरवर पाहता अगदी क्षुल्लक होते. धोट्यातील कांडी संपली की विणकऱ्याला नवी कांडी बसवावी लागे, आणि तिचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले, त्याला आपले ओठ कसे लावावेत, हा सवर्ण विणकऱ्यांचा आक्षेप. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली हीच पद्धत आरोग्याच्या कारणास्तव कायद्याने बंद केली. तेथे पद्धत गेली. मुंबईत पद्धत राहिली आणि माणसे वगळली गेली.

या विटाळाची किंमत रोख पैशात मोजावी लागे. विणकामात मजुरी अधिक मिळे. अस्पृश्य कामगारांच्या वाट्याला मुख्यतः कमी मजुरीचे सूतकताईचे काम येई, आणि कौशल्य असूनही वरची पायरी त्यांना चढता येत नसे.

१९२८ साली मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी-कामगारांनी संप केला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तो चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांपुढे एक सरळ प्रश्न ठेवला: सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क तुम्ही मान्य करता की नाही? पुढाऱ्यांनी नाखुशीने ही मागणी आपल्या यादीत घातली. ती मालकांसमोर गेली, तेव्हा त्यांनी हा अन्याय असेल तर त्याला आपण जबाबदार नाही, असे सांगून हात झटकले.

मालकांच्या या उत्तरात सोय होती, तसेच थोडे सत्यही होते. अस्पृश्यांना वगळण्याचा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता; म्हणूनच तो मोडण्याची जबाबदारी कोणावर पडत नव्हती. मालक कामगारांकडे बोट दाखवीत, कामगार रूढीकडे.

रेल्वेतही हेच घडत होते. १९३८ साली मनमाड येथील अस्पृश्य रेल्वे-कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांनी दाखवून दिले की, अस्पृश्यांना हमालाचीही जागा मिळत नाही. कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरचीही कामे करवून घेतो, आणि अस्पृश्य माणूस त्याला घरात चालत नाही.

१९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेने सतराव्या कलमान्वये अस्पृश्यता नष्ट केली आणि सोळाव्या कलमान्वये सरकारी नोकरीत संधीची समानता दिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगेही एकेक करून थांबले. तरी त्या धोट्याची आठवण ठेवावयास हवी. कामाच्या जागी समता आहे की नाही, हे केवळ दारावरील नियमांवरून कळत नाही. आत कोणत्या सवयी निमूटपणे सांभाळल्या जातात आणि त्यांमुळे कोण दाराबाहेर राहतो, हे पाहिल्यावरच ते कळते.