‘लवकरच’ ह्या उत्तराचा इतिहास

पंढरपूर तालुक्यातील करकंब हे बाजारगाव आपल्या बाजार आमटीकरिता प्रसिद्ध आहे. बाजारासाठी जमलेल्या मंडळींनी आपापल्याजवळच्या डाळी एकत्र करून त्या तेथेच शिजवाव्यात, ह्या वहिवाटीतून ती निघाली असे सांगतात. अशा बाजाराचा एक गुण सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. तेथे माल विकणारा व प्रश्नाचे उत्तर देणारा हा एकच मनुष्य असतो. तूर नवी की जुनी असे विचारले, तर तो पोत्यात हात घालून मूठभर दाणे आपल्यापुढे धरतो. आणि खोटे बोललाच, तर पुढच्या बाजारी त्याच जागी सापडतो.

गेल्या पावसाळ्यात ह्या गावी एका स्नेह्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो. त्यांच्या चिरंजीवांनी एका नव्या स्मार्टफोनसाठी आगाऊ रक्कम भरली होती. तो अमुक दिवशी हाती येईल ह्या भरवशावर आपला जुना फोन त्यांनी शिक्षणासाठी पुण्यास निघालेल्या धाकट्या बहिणीस देऊन टाकला. पुढे तारीख एकदा टळली, मग दुसऱ्यांदा टळली. तेव्हा वडिलांचा फोन घेऊन ते कंपनीच्या मदत केंद्राशी बोलू लागले. पहिल्या उत्तरकाने सांगितले, की फोन केव्हाच विक्रीस आला आहे, जवळच्या दुकानात चौकशी करावी. दुसरीच्या मते त्या नावाचा फोनच कंपनी काढीत नव्हती. तिसऱ्याने ‘लवकरच येईल’ असे आश्वासन दिले. तिघांनीही अखेरीस आभार मानून, ‘आमच्या उत्तराने आपले समाधान झाले काय?’ असे विचारले. घरातील मंडळी हसली. चिरंजीव मात्र हसले नाहीत.

प्रसंग लहान आहे. परंतु तीन माणसे तीन उत्तरे देतात व तिघांपैकी एकासही खरे ठाऊक नसते, ही अवस्था आली कोठून, हे पाहू लागलो म्हणजे आपल्या देशातील दूरध्वनीच्या इतिहासात बरेच मागे जावे लागते.

मुंबईत दूरध्वनीचे पहिले केंद्र जानेवारी १८८२ मध्ये सुरू झाले. त्या काळच्या यंत्रात दोन तारा जोडण्याचे काम मनुष्यच करीत असे. पुढे ट्रंक कॉलचे युग आले. कॉलची नोंद करावयाची, साधा, अर्जंट की लाइटनिंग हे सांगावयाचे, आणि मग फोनपाशी तास न् तास बसून राहावयाचे, हा अनुभव आमच्या पिढीतील पुष्कळांस आहे. त्या प्रतीक्षेत त्रास कमी नव्हता, आणि ऑपरेटरच्या बोलण्यात गोडवा असेच असेही नाही. तथापि ‘पुण्याची लाइन मोकळी नाही’ असे तो म्हणे, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ती लाइन असे. त्याचे उत्तर त्याच्या कामातूनच निघालेले असे. करकंबच्या बाजारातील तुरीच्या मुठीशी त्याचे नाते होते, असे म्हणावयास हरकत नाही.

नवीन फोन मागणाऱ्याची गोष्ट निराळी होती. त्याची गाठ यादीशी पडे. ‘ओन युअर टेलिफोन’ नावाच्या योजनेत मोठी रक्कम आधी भरणाऱ्यास वेगळ्या यादीत जागा मिळे, म्हणजे प्रतीक्षेतही वर्णभेद होता. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात सरकारनेच नमूद केले आहे, की त्या समयी देशात सुमारे ८० लाख जोडण्या होत्या व सुमारे २५ लाख लोक यादीत तिष्ठत होते. ५,७६,४९० खेड्यांपैकी जेमतेम १.४ लाख खेड्यांत फोन पोचला होता. मागेल त्यास फोन १९९७ पर्यंत देऊ, असे वचन त्याच धोरणात दिले होते. पाच वर्षांनी १९९९ चे धोरण आले, आणि तेच वचन २००२ वर गेले. करकंबच्या चिरंजीवांच्या फोनची तारीख दोनदा टळली म्हणून आम्ही आश्चर्य करीत होतो. येथे तर साऱ्या राष्ट्राची तारीख छापील धोरणातच पुढे सरकली होती. कचेरीत खिडकीमागे बसलेल्या कारकुनास अर्जदाराचा क्रमांक तेवढा ठाऊक असे. तारा केव्हा येतील, केंद्राची क्षमता केव्हा वाढेल, हे ठरविणारे लोक दिल्लीत होते, आणि ते खिडकीशी कधीच येत नसत. उत्तर देणे व माहिती असणे ह्या दोन गोष्टी येथे प्रथम विभक्त झाल्या असे आम्हांस वाटते.

पुढे मोबाइल आला, याद्या वितळून गेल्या, आणि हा सारा विषय संपला अशी समजूत झाली. तो संपला नव्हता, हे २०१६ साली दिसून आले. नोएडा येथील रिंगिंग बेल्स नावाच्या कंपनीने १७ फेब्रुवारी रोजी दिल्लीत ‘फ्रीडम २५१’ हा स्मार्टफोन जाहीर केला. किंमत अवघी २५१ रुपये. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नोंदणी सुरू झाली आणि मागणीच्या लोंढ्याने कंपनीचे संकेतस्थळ काही तासांतच बंद पडले. पत्रकारांच्या हाती दिलेल्या नमुन्यावर ॲडकॉम ह्या दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाने झाकलेले आढळले. मुंबईचे खासदार किरीट सोमय्या ह्यांनी चौकशीची मागणी केली. ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांचे पैसे परत करून फोन हाती आल्यावरच किंमत घेऊ, असे कंपनीस सांगावे लागले. फोन ३० जूनपर्यंत पोचतील, असे ठरले होते. जुलै उजाडला तेव्हा पहिल्या हप्त्यात ५,००० फोन देण्याची भाषा होती. नोंदणी करणारे तर कोट्यवधी असल्याचे कंपनीच सांगत होती! पुढे एका वितरकाच्या तक्रारीवरून फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीच्या संचालकास अटक झाली.

ह्या प्रकरणातील फसवणुकीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष वेधले ते त्यातील एका दुर्लक्षित पोटकथेने. ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे काम रिंगिंग बेल्सने दुसऱ्या एका कंपनीस मक्त्याने दिले होते. प्रश्नांचा पूर तेथे लोटला, आणि थोड्याच दिवसांत तो करार मोडला. सेवा समाधानकारक नव्हती, असे एका पक्षाचे म्हणणे. आमचे पैसे थकविले व आम्हांसच फसविले, असे दुसऱ्याचे. न्याय कोणाच्या बाजूस होता हे ठरविणे आमचे काम नव्हे. पण क्षणभर त्या केंद्रातील एखाद्या उत्तरकाच्या खुर्चीत बसून पाहा. फोन आहे की नाही हे जेथे मालकासच सिद्ध करता आले नाही, तेथे त्या बापड्याने ‘केव्हा येईल?’ ह्याचे उत्तर द्यावे तरी कोणते? त्याचे अज्ञान त्याने स्वतः मिळविलेले नव्हते. ते त्यास पगाराबरोबर देण्यात आले होते. आमच्या मध्यमवर्गीय घरांतून हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे, कारण पुण्यामुंबईच्या अशा केंद्रांतून रात्रभर बोलणारी मुले पुष्कळदा आपल्याच घरची असतात, आणि शिव्या त्यांनाच खाव्या लागतात.

विलंब म्हणजे नेहमीच लबाडी, असे मात्र कोणी समजू नये. २०१७ च्या ऑगस्टमध्ये जिओफोनची नोंदणी सुरू झाली. दोनतीन दिवसांत सुमारे ६० लाख मागण्या येऊन ती थांबवावी लागली, आणि फोन हाती पडण्याची तारीखही पुढे ढकलली गेली. फोन अखेर लोकांस मिळाले. पण वाट पाहणाऱ्यास पहिल्या आठवड्यात ह्या दोहोंतला भेद कळावा कसा? ‘लवकरच’ हा शब्द खऱ्याच्या व खोट्याच्या मुखी सारखाच शोभतो.

कायदा ह्या बाबतीत अगदीच मुका आहे असे नाही. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी ह्यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, २०१९ मध्ये नवा झाला, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण महिन्याभरात करावे असे बंधन घातले. त्याचे फळ एवढे दिसते, की पोच आता फार त्वरेने मिळते. चिरंजीवांना तर ती संभाषण संपण्यापूर्वीच मिळाली; तीत बारा आकडी तक्रार क्रमांक होता. मालाविषयी अक्षर नव्हते.

आम्ही निघण्याच्या आदल्या सायंकाळी घरी आमटीचा बेत होता. ताटे मांडली जात असता वडिलांचा फोन वाजला. मदत केंद्राची मुलगी होती. स्वर दमलेला, बोलणे सोलापूरकडचे. चिरंजीवांनी ह्या खेपेस तारीख विचारली नाही. ‘ताई, तुम्हाला तरी कुणी सांगतं का?’ असे विचारले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, ‘नाही हो दादा. आम्हांलाही हेच वाचायला दिलंय.’

इतक्या दिवसांत मिळालेले पहिले खरे उत्तर ते होते. चिरंजीवांनी तिचे आभार मानले, फोन वडिलांस परत दिला, आणि ते पाटावर येऊन बसले.